दादांची डायरी सगळ्यांना दिसू द्या

प्रश्न: नमस्कार भाऊ. आम्ही सावद्याचे. माझे मिस्टर आणि जेठ (मोठे दीर) मिळून केळीचे रायपनिंग चेंबर, म्हणजे केळी पिकवायच्या थंड खोल्या, बांधून देतात, ऑफिस मी सांभाळते. सध्या रावेर, चोपडा, शहादा आणि बऱ्हाणपूर मिळून ६ साइट चालू आहेत. चेंबरच्या भिंतींचे पॅनेलवाले, कॉम्प्रेसरवाले, बँक, गिऱ्हाईक, सगळ्यांचा व्यवहार एकाच जीमेलवर होतो आणि त्याचा पासवर्ड आम्हा चौघांकडे आहे. न वाचलेले मेल ११०० च्या वर गेलेत. मागच्या महिन्यात चोपड्याच्या साइटवर ७ फुटांचा दरवाजा आला, पाहिजे होता ८ फुटांचा. गिऱ्हाइकाने बदल मेलवर कळवला होता. मी तो वाचलाही होता, तरी जुनंच ड्रॉइंग पुढे गेलं. आता एक जण प्रोजेक्ट मॅनेजमेंटचं सॉफ्टवेअर घ्या म्हणून मागे लागलाय, माणशी दरमहा पैसे. मिस्टर म्हणतात घेऊन टाकू. जेठ म्हणतात, माझी डायरी आहे ना! आमचे फिटर तर मेल उघडतच नाहीत. गेल्या अखाजीला (अक्षय्य तृतीयेला) माहेरी गेले, तर झोक्यावर बसूनही कानाला फोन होता. काय करावं? – एक वाचक, सावदा

उत्तर:

ताई, आधी त्या दरवाज्याबद्दल बोलू.

तुम्ही लिहिलंय, "मी तो वाचलाही होता." त्या वाक्यात तुमचा स्वतःवरचा राग दिसतो, आणि तो तुम्ही सोडून द्यावा असं मला मनापासून वाटतं. काय झालं असेल ते डोळ्यांसमोर येतं. गिऱ्हाइकाने सातव्या-आठव्या उत्तरात, हप्त्याच्या गोष्टीखाली, "आणि दरवाजा ८ फुटी करा, क्रेटची थप्पी उंच लागेल" असं लिहिलं. तुम्ही वाचलं, मनात "बरं" म्हणालात, तेवढ्यात ट्रान्सपोर्टवाल्याचा फोन आला. चार दिवसांनी पॅनेलवाल्याने ड्रॉइंग मागितलं. तुम्ही तीच साखळी उघडली, वर जोडलेली पीडीएफ दिसली, ती पाठवली. ती पहिल्या दिवसाची होती. मेलने निरोप पोचवला, तिथे त्याचं काम संपलं. त्या निरोपाचं पुढे कुणी, कधी, काय करायचं हे मेलला ठाऊक नसतं. ते तुमच्या डोक्यात राहिलं, आणि एका डोक्यात ६ साइट मावत नाहीत.

म्हणून माझं सांगणं एवढंच आहे: मेलमध्ये आलेला शब्द जोवर तारीख आणि माणसाचं नाव घेऊन कॅलेंडरवर जात नाही, तोवर तो कुणाचाच नसतो. पुढे जे लिहितोय ते सगळं हे कसं साधायचं याबद्दल आहे. त्याला नवं काही विकत घ्यावं लागत नाही. तुमच्या जीमेलसोबत गूगल कॅलेंडर २००६ पासून फुकट मिळतं, ते तुम्ही उघडलेलं नाही इतकंच.

जेठांच्या, म्हणजे दादांच्या, डायरीबद्दल घरात वाद घालू नका, ते बरोबर आहेत. खिशातल्या डायरीत ते काय लिहितात? "१२ ला रावेरला पॅनेल. १४ ला बँकेत." म्हणजे तारखेखाली काम. हेच कॅलेंडर. तुमच्याकडे मेलवर चाललेल्या सगळ्या गोंधळात शिस्तीने चालणारी ती एकच गोष्ट आहे. अडचण एवढीच, की डायरी एकाच्या खिशात असते, आणि दादा बऱ्हाणपूरला असले की सावद्याच्या ऑफिसला ती दिसत नाही. दादांना सांगा, डायरी बंद करायची नाही, ती सगळ्यांना दिसेल अशी मांडायची. त्यांनी डायरीत लिहायचं, संध्याकाळी तुम्ही पाच मिनिटांत ते कॅलेंडरवर चढवायचं. पहिले दोन महिने असंच चालू द्या. वयाने आणि अनुभवाने मोठ्या माणसाच्या हाताची सवय मोडायला गेलात, तर माणूसही दुखावतो आणि कामही.

आता इनबॉक्स. ते ११०० मेल वाचत बसू नका. महिन्याभरापेक्षा जुने सगळे निवडा आणि आर्काइव्ह करा. आर्काइव्ह केल्याने मेल पुसला जात नाही, फक्त समोरून हटतो. शोध घेतला की कधीही सापडतो. हे काम एका दुपारचं आहे, आणि त्यानंतर जे हलकं वाटेल त्यावरच पुढचं सगळं उभं राहणार आहे.

मग प्रत्येक साइटला एक छोटं नाव द्या: रावेर-१, रावेर-२, चोपडा, शहादा. ते नाव प्रत्येक मेलच्या विषयाच्या ओळीत पहिलं आलं पाहिजे. गिऱ्हाइकाचे मेल तर त्याच्या पत्त्यावरून ओळखता येतात, पण पॅनेलवाला एकच आणि साइट सहा, तिथे पत्त्याचा उपयोग नाही. विषयात साइटचं नाव असलं की जीमेलमध्ये एक फिल्टर लावून तो मेल आपोआप त्या साइटच्या लेबलखाली जाईल असं करता येतं. पुरवठादार स्वतःहून नाव लिहीत बसणार नाहीत. पण पहिला मेल तुम्ही पाठवलात, तर त्यांचं उत्तर त्याच विषयाखाली येतं, म्हणजे सुरुवात आपल्या हातात असते. साइटसाठी वेगळा पत्ता द्यायचा असेल तर नवं खातं उघडू नका. तुमच्या पत्त्यात ॲटच्या चिन्हाआधी अधिकचं चिन्ह आणि साइटचं नाव जोडलं, तरी मेल तुमच्याच खात्यात येतो, आणि त्यावर फिल्टर लावता येतो.

याहून महत्त्वाची सवय अशी, की एका मेलमध्ये एकच विषय. दरवाज्याचं बोलणं दरवाज्याच्या साखळीत, हप्त्याचं हप्त्याच्या. जीमेलमध्ये विषयाची ओळ बदलली की नवी साखळी सुरू होते, त्याचा फायदा घ्या. गिऱ्हाईक मिसळून लिहिणारच, त्याला शिकवत बसू नका. त्याने हप्त्याच्या मेलमध्ये दरवाजा घातला, तर तुम्ही लगेच वेगळ्या विषयाने त्याला नवा मेल टाका. चोपड्याच्या बाबतीत तो असा असता:

"विषय: चोपडा – दरवाजा – अंतिम
आपल्या सांगण्यानुसार दरवाज्याची उंची ७ ऐवजी ८ फूट करत आहोत. सुधारित ड्रॉइंग रिव्हिजन २ जोडलं आहे, रिव्हिजन १ रद्द समजावं. शुक्रवारपर्यंत 'मंजूर' असं उत्तर द्यावं, त्यानंतर पॅनेल कापायला जातील."

चार ओळी. पण यात काय बदललं ते आहे, कोणता कागद खरा ते आहे, उत्तर कधीपर्यंत हवं आणि त्यानंतर काय होणार हेही आहे. दरवाजा बनवणाऱ्याला हाच मेल पुढे जातो, जुनी साखळी कधीच जात नाही. आणि ड्रॉइंग दर वेळी जोडत बसण्यापेक्षा गूगल ड्राइव्हवर साइटचा फोल्डर करून त्याची लिंक द्या. फोल्डरमध्ये एकच ताजं ड्रॉइंग दिसलं पाहिजे. बाकीची 'जुने' नावाच्या आतल्या फोल्डरमध्ये. जीमेलवर तसेही २५ एमबीच्या वरची फाइल जोडता येत नाही.

इथे एक धोक्याची गोष्ट. फुकटच्या खात्याला १५ जीबी जागा असते, आणि ती मेल, ड्राइव्ह आणि फोटो या तिघांत मिळून असते. फिटरांनी साइटवरून काढलेले व्हिडिओ त्याच खात्यावर साठत असतील तर जागा कधी भरली ते कळत नाही, आणि भरली की नवे मेल येणंच थांबतं. आजच जाऊन बघा.

आता कॅलेंडर. यावर जरा थांबतो, कारण बहुतेक लोक इथेच चुकतात.

सहा साइटची सहा वेगळी कॅलेंडरं करा, प्रत्येकाला वेगळा रंग. हे कॉम्प्युटरवर बसून करा. एकदा केलं की फोनवर सगळी दिसतात. एका साइटबद्दल बोलणं चालू असेल तेव्हा बाकीची पाच बंद करून ठेवता येतात. मिस्टरांना आणि दादांना त्यात बदल करण्याची परवानगी द्या. हेड फिटरला फक्त बघण्याची.

मग नोंदी. नवखा माणूस लिहितो: "२० तारीख, पॅनेल येणार." ही नोंद कुणाच्याच कामाची नाही. वीस तारखेला पॅनेल आले नाहीत हे कळून तुम्ही काय करणार? तोवर फिटर साइटवर जाऊन बसलेले असतात. खरी नोंद १५ तारखेला हवी: "मिस्टर – पॅनेलवाल्याला फोन – गाडी कधी भरणार." आधी माणूस, मग कृती. ज्या दिवशी आपल्याला हात हलवायचाय त्या दिवसावर नोंद करायची. वस्तू येण्याचा दिवसही लिहा, पण तो पाहण्यापुरता. ताई, तुमच्या निम्म्या साइट नुसत्या या एका बदलाने सुरळीत होतील असं मी खात्रीने सांगतो.

आणि तारखा शेवटच्या दिवसापासून मागे मागे येत लावा. हे शेतकऱ्याच्या घरात कुणाला शिकवावं लागत नाही. केळीची मृगबाग जून-जुलैत लावायची, कांदेबाग ऑक्टोबरच्या सुमारास, कारण माल कधी बाजारात यायला हवा ते आधी ठरलेलं असतं. चेंबरचंही तसंच. समजा रावेरच्या गिऱ्हाइकाला रमजानच्या आधी चेंबर चालू हवंय, कारण तेव्हा केळीला उठाव असतो. पहिली नोंद त्या दिवसाची करा. चांद्र वर्ष ३५४ दिवसांचं, त्यामुळे रमजान दर वर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे येतो. मागच्या वर्षीची तारीख धरून चालाल तर फसाल. श्रावणातल्या उपवासांवर डोळा ठेवून बांधणाऱ्यांचंही तेच, फक्त तिथे अधिक मास आला की गणित उलटं फिरतं. २०२३ मध्ये अधिक श्रावण आला तेव्हा निज श्रावण थेट ऑगस्टच्या मध्यात सुरू झाला होता. कॅलेंडरमध्ये भारतातले सण वेगळ्या रंगात चढवून ठेवता येतात. ते आधी चढवा.

आता तिथून मागे या. पहिला लॉट पिकवून बाहेर काढायला आठवडा धरा, कारण पहिल्या लॉटला घाई करून चालत नाही. त्याआधी चेंबर रिकामं चालवून तापमान धरतं का ते बघायचे दोन-तीन दिवस. त्याआधी कॉम्प्रेसर आणि पाइपिंग, त्याआधी पॅनेल उभे करणं, त्याआधी फ्लोअर. फ्लोअरवर काँक्रीट पडल्यावर किमान ७ दिवस पाणी मारायचं, आणि काँक्रीटची पूर्ण ताकद धरतात ती २८ दिवसांची. तर "फ्लोअर झालं" असं एका दिवसावर लिहू नका. सलग सात दिवसांची पट्टी ओढा, "पाणी मारणे – चौकीदार". ती पट्टी रोज डोळ्यांसमोर असली की तिसऱ्या दिवशी पॅनेल चढवायची घाई कुणी करत नाही. आणि या सगळ्याला समांतर, बहुतेक वेळा सगळ्यांत लांब, महावितरणचा वाढीव भार. चेंबर उभं आहे आणि वीज नाही, हे आपल्याकडे किती ठिकाणी पाहायला मिळतं. त्या अर्जाची पाठपुराव्याची नोंद दर सोमवारी आपोआप येईल अशी लावा: "दादा – महावितरण – काय झालं." दर आठवड्याला तीच नोंद, जोवर मंजुरीचा कागद हातात येत नाही तोवर.

तारीख सरकली तर नोंद पुसू नका. ओढून पुढच्या दिवसावर न्या आणि आत एक ओळ लिहा, का सरकली. तीनदा सरकलेली नोंद स्वतःच बोलते, की इथे काहीतरी अडलंय, फोनवर बोलून सुटणार नाही, गाडी काढून जायला हवं.

मेलवरून सरळ नोंद करायची सोय जीमेलमध्ये आहे. कॉम्प्युटरवर मेल उघडा, वरच्या तीन ठिपक्यांत "इव्हेंट तयार करा" हा पर्याय मिळेल. मेलचा मजकूर नोंदीत जातो, विषय तिचं शीर्षक होतो. छान सोय आहे, पण जपून. त्या मेलवर जे जे असतात ते सगळे आपोआप पाहुणे म्हणून नोंदीत येतात. तुम्ही "पॅनेलवाल्याला रेट पुन्हा विचारणे" असं लिहून जतन केलं आणि निमंत्रण पाठवू का या प्रश्नाला घाईत हो म्हणालात, तर ते पॅनेलवाल्यालाच जाईल. पाहुण्यांची यादी आधी रिकामी करायची, मग जतन. पहिल्या आठवड्यात हे हाताला लावून घ्या. आउटलुकवर असतात त्यांना मेल ओढून कॅलेंडरच्या चिन्हावर सोडला तरी नोंद होते.

बाहेरच्या माणसांना निमंत्रण मुद्दाम पाठवायचं ते तीनच कामांसाठी: पहिली पाहणी, मधली तपासणी आणि ट्रायल. बँकेचे साहेब आउटलुक वापरत असले आणि तुम्ही गूगल, तरी निमंत्रण पोचतं. कॅलेंडरच्या नोंदी एकमेकांना कळाव्यात म्हणून १९९८ मध्ये एक सामाईक पद्धत ठरली, २००९ मध्ये ती सुधारली, आणि दोघंही तीच पाळतात. त्यांनी "हो" दाबलं की तुमच्याकडे नोंद राहते. ट्रायलच्या दिवशी "मला कुठे कळवलं होतं" हा प्रश्न उरत नाही.

फिटरांवर मेलची सक्ती करू नका. साइटवर भर उन्हात, हाताला पीयू फोम लागलेला, असा माणूस मेल उघडणार नाही, आणि उघडावा अशी अपेक्षा करणंही बरोबर नाही. त्यांना पुढचे दोन दिवस कळले की पुरे. रोज संध्याकाळी सात वाजता तुम्ही कॅलेंडर उघडा आणि उद्या-परवाची कामं व्हॉट्सॲपवर साइटच्या ग्रुपला टाका, माणसाच्या नावासकट. वाटलं तर आवाजात. चोपड्याकडच्या एका इलेक्ट्रिशियनचं वाक्य मी वर्षानुवर्षं ऐकत आलोय, "माले कोनी सांगं नही." आणि खरं सांगू, दहापैकी आठ वेळा त्याला खरोखरच कुणी सांगितलेलं नसतं. सांगितलंय असं आपल्याला वाटत असतं. उलट दिशेनेही पाळा. व्हॉट्सॲपवर एखादा निर्णय झाला, माप बदललं, तर त्याच दिवशी त्याचा एक मेल गेला पाहिजे. फोन हरवतो, ग्रुपमधला मेसेज शंभर फोटोंखाली जातो. पैसे आणि मापं यांचा पुरावा मेलमध्येच असावा.

याचं कारण मी स्वतः भोगलंय. २००९ मध्ये मी जळगावला एका कामावर होतो, पाइपलाइन आणि पंपहाउसचं. ऑफिसात एकच कॉम्प्युटर होता आणि त्यावर मेल उतरवून घ्यायची जुनी पद्धत लावलेली, पॉप नावाची. मेल त्या मशीनवर उतरला की सर्व्हरवरून निघून जायचा. मे महिना, व्होल्टेज वर-खाली, एका दुपारी हार्ड डिस्क जळाली. चौदा महिन्यांचे मेल गेले. त्यातच एका पुरवठादाराने "वाहतूक आमच्याकडे" असं लिहून दिलेला मेल होता. त्याने पुढे हात वर केले, आणि माझ्याकडे दाखवायला काही नव्हतं. वाहतुकीचा सगळा भुर्दंड आमच्या माथी बसला. आयमॅप नावाची पद्धत तेव्हाही होती, तिच्यात मेल सर्व्हरवरच राहतो आणि कोणत्याही मशीनवरून दिसतो. मी विचारलं नव्हतं, दोष माझा होता. तुमच्या ऑफिसात कुणी जीमेल थंडरबर्ड किंवा आउटलुकमध्ये उतरवून वाचत असेल, तर आयमॅप लावलंय की पॉप, एवढं आजच विचारा.

तसाच तो चौघांकडचा पासवर्ड. हे थांबवा, ताई. एकाने वाचलेला मेल दुसऱ्याला "वाचलेला" दिसतो, म्हणून तो बघत नाही, आणि उत्तर कुणीच देत नाही. शिवाय उत्तर कुणी दिलं तेही कळत नाही. जीमेलच्या सेटिंगमध्ये आपल्या खात्याचा ताबा दुसऱ्याला पासवर्ड न देता देता येतो. साध्या खात्यावर दहा माणसांपर्यंत. त्यांना मेल वाचता येतात, उत्तर देता येतं, पण पासवर्ड बदलता येत नाही, आणि कुणी पाठवलं ते नावासकट दिसतं. ऑफिसचा पासवर्ड फक्त तुमच्याकडे आणि दादांकडे. बाकीच्यांना ताबा. पासवर्ड तेवढा आधी बदला, कारण चौघांनी तो आणखी कुणाला दिलाय ते चौघांनाही आठवणार नाही.

शनिवारी संध्याकाळी अर्धा तास, तिघंच, चहा घेऊन. मोठ्या स्क्रीनवर कॅलेंडर लावा. मागचा आठवडा: काय राहिलं. पुढचे दोन आठवडे: काय येतंय. एका साइटची तारीख सरकली की तिच्यामागच्या सगळ्या तारखा हाताने सरकवा. कॅलेंडरची ही खरी मर्यादा आहे आणि ती लपवण्यात अर्थ नाही. फ्लोअर आठ दिवस लांबला तर पॅनेलही लांबणार, हे त्याला कळत नाही. तुम्हाला कळतं. म्हणून हा अर्धा तास चुकवायचा नाही. याच वेळी न सुटलेले मेलही बघायचे. ज्याचं उत्तर आज देता येत नाही त्याला स्नूझ करून उत्तर देण्याच्या दिवसावर पाठवा, त्या दिवशी तो पुन्हा वर येतो.

आता तुमच्या मिस्टरांचं सॉफ्टवेअर. ते वाईट नाही. ज्यांच्याकडे तीस साइट आणि पन्नास माणसं आहेत, एका कामाची तारीख हलली की मागची वीस आपोआप हलायला हवीत, त्यांना ते लागतंच. तुम्हालाही उद्या लागेल. पण आज घेतलंत तर काय होईल? तारखा अजून मेलमध्येच पडून आहेत. आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? पहिला आठवडा उत्साहात जाईल, मग भरायचं कुणी हा प्रश्न येईल, आणि तो तुमच्यावरच येईल. दरमहा पैसे जातील आणि फोन तुमच्या कानाला तसाच राहील. मिस्टरांना सांगा, रावेर-१ ही एकच साइट तीन महिने असं चालवून बघू. त्यानंतर दर शनिवारी तारखा हाताने सरकवण्यातच अर्धा तास जातोय, बाकी काही बोलता येत नाही, असं झालं तर घ्या. तोवर तारीख आणि नाव लिहायची सवय घरात रुजलेली असेल, आणि सॉफ्टवेअरचा पैसा वसूल होईल.

दादा म्हणाले असतील, की हे सगळं पुण्या-मुंबईकडचं. तर त्यांना आठवण करून द्या की विप्रो ही कंपनी १९४५ मध्ये आपल्या अमळनेरला वनस्पती तुपापासून सुरू झाली, आणि तीच पुढे कॉम्प्युटरमध्ये उतरली.

आणि अखाजी. वर्षातून एकदा लेक माहेरी येते, झोका बांधतात, गाणी म्हणतात, आणि तिथे तुम्ही कॉम्प्रेसरच्या गाडीचा नंबर सांगत बसलात हे वाचून मला वाईट वाटलं. आज कॅलेंडरवर चार दिवसांची पट्टी ओढा, "माहेर", सहाही कॅलेंडरांवर दिसेल अशी. त्या चार दिवसांत कोणतीही ट्रायल, पाहणी, डिलिव्हरी ठेवायची नाही, आणि ठेवली तर ती मिस्टरांच्या नावावर. निघण्याच्या महिनाभर आधी दोन दिवस सराव करा. फोन मिस्टरांकडे द्या, तुम्ही घरातच रहा, पण त्यांनी तुम्हाला काही विचारायचं नाही, फक्त कॅलेंडर आणि साइटची लेबलं बघून काम चालवायचं. जिथे ते अडतील ते कागदावर लिहायला सांगा. ती यादी म्हणजे अजून फक्त तुमच्या डोक्यात काय काय आहे त्याची यादी. एकेक करून ते नोंदीत उतरवा, आणि पंधरा दिवसांनी पुन्हा दोन दिवस तसंच.

निघायच्या आदल्या रात्री जीमेलमध्ये सुट्टीचं आपोआप जाणारं उत्तर लावा: कुठल्या तारखेपर्यंत नाही, तोवर मिस्टरांचा नंबर, आणि विषयात साइटचं नाव लिहावं अशी विनंती. ते एका माणसाला चार दिवसांतून एकदाच जातं, त्यामुळे गिऱ्हाइकाला त्रास होणार नाही. शेवटची तारीख त्यातच घालता येते, त्या दिवशी ते आपोआप बंद होतं. फोन मात्र सावद्यालाच ठेवून जा.